श्रीलंकेच्या व्हिसामागची शंभर वर्षं

श्रीलंकेला फिरायला जाणाऱ्या भारतीयाला आज व्हिसाची फी पडत नाही. मात्र निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करून ईटीए नावाची परवानगी घ्यावी लागते आणि ती तीस दिवसांची असते. ट्रॅव्हल एजंटांच्या जाहिरातींत याचंच ‘व्हिसा फ्री श्रीलंका’ होतं. त्यावर विसंबलेल्या प्रवाशाला चेक-इनच्या काउंटरवर ‘ईटीएची प्रिंट दाखवा’ म्हटलं की त्याची तारांबळ उडते. त्यात हे नियम एवढ्यांदा फिरलेत की दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मेहुण्याचा सल्लाही आता शिळा झालेला असतो.

वरवर पाहता हा सरकारी लहरीपणा वाटतो. मागे जाऊन पाहिलं की त्यात एक सूत्र दिसतं. या बेटाने भारताच्या बाजूचं फाटक उभारलं ते पर्यटकांसाठी नव्हे, तमिळ मजुरांना डोळ्यांपुढे ठेवून. आणि ते पर्यटकांसाठी मोकळं झालं ते बहुतेक वेळा बेटाला परकीय चलनाची चणचण भासली तेव्हा. भारताशी मैत्रीचं वारं कधी वाहत होतं आणि कधी नाही, याचा व्हिसाच्या फीशी संबंध तसा कमीच.

फेब्रुवारी १९१४ मध्ये रामेश्वरमच्या बेटाला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला आणि मद्रासहून कोलंबोला जाणं एका तिकिटाचं काम झालं. गाडीने धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जायचं, तिथून आगबोटीने पस्तीसेक किलोमीटरची सामुद्रधुनी ओलांडून तलैमन्नार गाठायचं, आणि पुढे पुन्हा गाडी. लोक तिला ‘बोट मेल’ म्हणत. दोन्हीकडे ब्रिटिशांचंच राज्य, तेव्हा पासपोर्ट-व्हिसाची भानगड नव्हती.

पण हे वर्णन वरच्या वर्गाने जाणाऱ्यांचं झालं. सिलोनच्या, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेच्या, चहाच्या मळ्यांवर कामाला निघालेल्या तमिळ मजुराचा प्रवास वेगळा होता. कॉफीच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ही माणसं तिकडे जात होती. १९०१ मध्ये त्यांच्यासाठी पत्र्याच्या तिकिटाची पद्धत आली. एक छोटी पत्र्याची चकती, तिच्यावर मळ्याचा जिल्हा सांगणारं अक्षर आणि मळ्याचा क्रमांक ठोकलेला, आणि ती दोऱ्यात ओवून गळ्यात. ती दाखवली की रेल्वेत, छावणीत, बोटीवर पैसे मागत नसत. सगळा खर्च मळ्याच्या खात्यावर चढे. माणूस कुठून आला याची त्या चकतीवर नोंद नसे, तो कुठे पोचवायचा एवढीच असे. पार्सलावर पत्ता असतो तसा.

त्याच वाटेवर मंडपम इथे सिलोन सरकारची छावणी होती. जमीन भारताची, कारभार सिलोनचा. कॉलरा, देवी, प्लेग बेटावर येऊ नयेत म्हणून मजुरांना आणि खालच्या वर्गाच्या प्रवाशांना तिथे काही दिवस अडकवून ठेवत, कपडे निर्जंतुक करत, डॉक्टर तपासत. वरच्या वर्गाचं तिकीट असलेल्यांना यातून सूट मिळे. परक्या देशाचे अधिकारी तुमच्याच मातीवर बसून तुम्हाला आत घ्यायचं की नाही हे ठरवत. आज काही विमानतळांवर उड्डाणाआधीच दुसऱ्या देशाची इमिग्रेशन तपासणी होते, तिचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

पहिला दरवाजा लागला तो मात्र भारताकडून, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १९३०च्या दशकातल्या मंदीत सिलोनमध्ये भारतीय कामगारांविरुद्ध हवा तापली होती. १९३९ मध्ये तिथल्या सरकारने आपल्या खात्यांतल्या रोजंदारीवरच्या भारतीयांना काढायचं ठरवलं. मार्ग काढण्यासाठी जुलैमध्ये नेहरू कोलंबोला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. लगेच १ ऑगस्ट १९३९ पासून भारत सरकारने अकुशल मजुरांच्या सिलोनला जाण्यावर बंदी घातली.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झालं आणि त्याच वर्षी तिथे दोन कायदे झाले. एक नागरिकत्वाचा. वडील, किंवा आजोबा-पणजोबा याच बेटावर जन्मले होते हे कागदाने सिद्ध करा, अशी त्याची मागणी होती. मळ्यातल्या माणसाकडे असले दाखले कुठून असणार? लाखो तमिळ एका फटक्यात कुठल्याच देशाचे उरले नाहीत. दुसरा इमिग्रंट्स अँड एमिग्रंट्स कायदा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांचा आणि बाहेर जाणाऱ्यांचा. त्याखालचं खातं १ नोव्हेंबर १९४९ पासून कामाला लागलं आणि भारतातून येणारा माणूस त्या दिवसापासून रीतसर परदेशी झाला. आज पर्यटकाच्या पासपोर्टवर जो शिक्का बसतो, त्याचं मूळ याच १९४८च्या कायद्यात आहे. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, पाया तोच राहिला.

पुढची पंधरा वर्षं दोन्ही सरकारं माणसांचे हिशेब मांडत बसली. १९५४ मध्ये नेहरू आणि सिलोनचे पंतप्रधान कोटेलावाला यांच्यात करार झाला, त्यातला मोठा भाग चोरट्या होड्यांनी येणाऱ्यांना रोखण्याबद्दल होता. ३० ऑक्टोबर १९६४ला सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाव्हो बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांनी ९ लाख ७५ हजार माणसांची वाटणी केली: ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख सिलोनकडे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. ते ‘नंतर’ १९७४ मध्ये आलं आणि दीड लाख निम्मे-निम्मे वाटले गेले. ज्यांची वाटणी चालली होती त्यांना कुणी फारसं विचारलं नाही.

कराराला दोन महिनेही झाले नव्हते तोच २२-२३ डिसेंबर १९६४च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी पुसून टाकलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट लाटांखाली गेली. धक्का, स्टेशन, कस्टमचं ऑफिस, काही उरलं नाही. बोट पुढे रामेश्वरमहून सुटू लागली. तिच्यातून आता उलट दिशेने, भारतात ‘परत’ पाठवलेली मळ्यांवरची कुटुंबं येत होती आणि उतरल्यावर त्यांची रवानगी होत होती त्याच मंडपमच्या छावणीत. १९८०च्या दशकात यादवी पेटल्यावर ही बोटही बंद पडली आणि मंडपममध्ये श्रीलंकेचे निर्वासित राहायला आले.

या सगळ्यात पर्यटक कुठे होता? भारतीय पर्यटक तर जवळपास नव्हताच. १९६७ पर्यंत आपल्याकडे पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचं सांगितलं आणि त्यानंतर पासपोर्ट कायदा आला. पासपोर्ट मिळाला तरी खिशात परकीय चलन नाही. परदेशी जायला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा पी-फॉर्म, हातात जेमतेम आठ डॉलर, हा काळ अनेक घरांतल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. त्यामुळे १९६६ मध्ये सिलोनने पर्यटन मंडळ स्थापन केलं तेव्हा त्याच्या नजरेसमोर युरोपातले उन्हाला आसुसलेले पाहुणे होते. शेजारी भारताकडून येणारा माणूस म्हणजे मजूर, व्यापारी किंवा नातेवाईक, अशीच कल्पना होती.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९७४च्या सागरी सीमेच्या करारात कच्चतीवू हे निर्मनुष्य बेट श्रीलंकेच्या बाजूला गेलं. त्यावर मुक्काम करायला गोडं पाणीसुद्धा नाही, पण सेंट अँथनीचं चर्च आहे. करारातच लिहिलं की भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू तिथे पूर्वीसारखे जाऊ शकतील आणि त्यांना श्रीलंकेचा व्हिसा किंवा प्रवासाचे कागद लागणार नाहीत. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जत्रा भरते तेव्हा रामेश्वरमहून होड्या जातात. मालकीचा वाद भारतात निवडणूक आली की उफाळतो, व्हिसाच्या या कलमाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. बिनव्हिसाची लंका म्हणाल तर खरी एवढीच.

सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेत १९९२ साली व्हिसा-सवलतीची योजना सुरू झाली, पण ती खासदार, न्यायाधीश, बडे अधिकारी, पत्रकार, खेळाडू अशा ठरावीक गटांसाठी. सर्वसामान्य पर्यटकाला तिचा काडीचा उपयोग नाही.

मे २००९ मध्ये यादवी युद्ध संपलं आणि चित्र पालटलं. किनारे मोकळे झाले, विमानं वाढली, आणि भारतीय मध्यमवर्गाला जवळचा, परवडणारा परदेश सापडला. रामायणाच्या खुणा दाखवणाऱ्या सहली निघाल्या. नुवारा एलियाजवळचं सीता अम्मनचं देऊळ, जे मुळात मळ्यांच्या मुलखातलं तमिळांचं श्रद्धास्थान, ते महाराष्ट्रातल्या टूर कंपन्यांच्या वेळापत्रकात आलं. २०१८ मध्ये बेटावर आलेल्या २३ लाखांवर पर्यटकांपैकी सव्वाचार लाखांच्या आसपास भारतीय होते. सगळ्यांत मोठा गट आपलाच.

पाहुणे वाढायला लागल्यावर शुल्कही आलं. तोवर अनेक देशांच्या प्रवाशांना विमानतळावर फुकट शिक्का मिळत असे. १ जानेवारी २०१२ पासून ईटीए सुरू झाली. सार्क देशांना दर कमी, इतरांना जास्त. पुढे बरीच वर्षं हा भाव सार्कसाठी २० डॉलर आणि इतरांसाठी ३५ डॉलर होता. सिंगापूर, मालदीव आणि सेशेल्स या तीन देशांना मात्र ईटीएतून सूट होती, कारण ते श्रीलंकेच्या नागरिकांना तशीच सूट देतात. भारत त्या यादीत नाही आणि त्याबद्दल आपल्याला तक्रार करायला तोंड नाही. श्रीलंकेच्या माणसाकडे आपण व्हिसा मागतोच.

मग फी माफ कशी झाली? २१ एप्रिल २०१९ला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली आणि हॉटेलं ओस पडली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून ४८ देशांची व्हिसा फी माफ झाली, त्यात भारत होता. पाठोपाठ करोना. मग एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. स्वातंत्र्यानंतर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. पेट्रोलच्या रांगा, राष्ट्राध्यक्षांचं देश सोडून जाणं हे सगळं टीव्हीवर आपण पाहिलं. डॉलर आणणारा सगळ्यांत झटपट मार्ग पर्यटन होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने भारत, चीन, रशिया, मलेशिया, जपान, इंडोनेशिया आणि थायलंड या सात देशांसाठी फी माफ केली. मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंतची, प्रायोगिक.

मुदत संपते न संपते तोच गोंधळ उडाला. १७ एप्रिल २०२४ पासून ईटीएच्या जागी नवी ई-व्हिसा यंत्रणा आली आणि ती व्हिसाचे अर्ज हाताळणाऱ्या व्हीएफएस ग्लोबल कंपनीचा समावेश असलेल्या खाजगी गटाकडे होती. मूळ फी ५० डॉलर, त्यावर सेवाशुल्क वेगळं. मेच्या सुरुवातीला कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर एका प्रवाशाने ‘आमच्या देशाचा व्हिसा परके लोक का देतात’ म्हणून आरडाओरडा केला आणि तो व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. सरकारने घाईघाईने जाहीर केलं की तीस दिवसांसाठी ५० डॉलरचाच दर राहील आणि सात देशांची माफीही चालू राहील. करार निविदेविना दिला, या आक्षेपावर खासदार कोर्टात गेले. २ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन नवी यंत्रणा थांबवली आणि जुनी ईटीए पुन्हा सुरू करायला सांगितली. आदेश अमलात येईना, तेव्हा सप्टेंबरमध्ये न्यायालयाने इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांनाच कोठडीत धाडलं. व्हिसाच्या फॉर्मवरून एवढा मोठा अधिकारी आत जाणं हे दक्षिण आशियात तरी क्वचितच घडलं असेल.

जुनी ईटीए परत आली. भारतीयांसाठी शुल्क शून्यावर राहिलं. जुलै २०२५ मध्ये सरकारने माफीची यादी ४० देशांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली.

भारतीय प्रवाशाने यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही माफी कुठल्या द्विपक्षीय करारात लिहिलेली नाही. कच्चतीवूच्या यात्रेकरूला करार आहे, कोलंबोला जाणाऱ्या पर्यटकाला मंत्रिमंडळाचा निर्णय आहे, आणि निर्णय पुढच्या बैठकीत फिरू शकतो. म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा श्रीलंका सरकारच्या ईटीए संकेतस्थळावर नियम बघून घ्यावा. पत्त्याच्या शेवटी सरकारी ‘डॉट गव्ह डॉट एलके’ नसेल, तर ते पान एखाद्या दलालाचं असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे फुकटच्या परवानगीचेही पैसे घेतात. पासपोर्ट सहा महिने चालणारा असावा, परतीचं तिकीट हाताशी ठेवावं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या आणि पावसाळ्यामुळे अधूनमधून थांबणाऱ्या नागपट्टणम–कांकेसंतुराई (तमिळनाडू ते उत्तर श्रीलंका) बोटीने जाणार असाल तरी हेच कागद लागतील. समुद्रमार्गाला वेगळी सवलत नाही.