कणा, पडदे आणि फळ्या: किटमधलं लाकडी जहाज कुठून आलं

लाकडी जहाजाच्या किटमधलं पहिलं पान बहुधा एकच चित्र दाखवतं: मधोमध प्लायवूडचा ४ किंवा ५ मिमी जाडीचा उभा कणा, त्याच्या खाचांत बसवलेले दहा-पंधरा आडवे पडदे, आणि त्यांवर नाळेपासून (पुढचं टोक) वरामणापर्यंत (मागचं टोक) जाणाऱ्या पातळ पट्ट्या. खोक्यावर ‘प्लँक ऑन फ्रेम’ छापलेलं असतं. यातल्या फळ्या खऱ्या जहाजासारख्या लागतात, पण वाकांचं, म्हणजे जहाजाच्या फासळ्यांचं, काम पडद्यांवर भागवलेलं असतं. सांगाडा असा का झाला हे कळलं की फळ्या नेमक्या कुठे दगा देतात तेही कळतं.

आधी वाकांचा सांगाडा उभारायचा आणि मग त्यावर फळ्या ठोकायच्या, ही पद्धत भूमध्य समुद्रात हळूहळू रुळली. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सेर्चे लिमानला सापडलेलं अकराव्या शतकातलं बुडालेलं जहाज तिचा ठळक पुरावा मानलं जातं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची रीत बराच काळ उलटी होती: पठाण, म्हणजे तळाचा कणा, टाकायचं, खालच्या फळ्या कडेला कड जुळवून चढवायच्या आणि वाक मागाहून आत बसवायचे. कडांना खाचा पाडून एक फळी दुसरीत अडकवण्याचं सुरतेचं काम इतकं घट्ट असे की युरोपीय प्रवाशांनी त्याची नोंद केली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला गेले. त्यांच्या घराण्याने गोदीत इंग्रजी नकाशांवरून सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यांपैकी १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तिच्या नकाशांचा पहिला संच ‘जावा’ या जहाजाबरोबर नष्ट झाला. १८१२ च्या डिसेंबरात ‘जावा’ नष्ट केली ती अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने, आणि हीच ‘कॉन्स्टिट्यूशन’ आज किटवाल्यांची हुकमी विक्री आहे.

ही किट आज बडोद्यातही बांधली जातात. शहराला समुद्र नाही, पण संस्थानाला होता. गायकवाडांचं छोटं आरमार बिलिमोऱ्याला असे, आणि ओखामंडळही त्यांचंच. तरी बडोद्यात आज टेबलावर जी जहाजं घडतात त्यांची वंशावळ इथली नाही. ती लंडनच्या नेव्ही बोर्डापर्यंत, म्हणजे इंग्रजी आरमाराची जहाजं बांधून घेणाऱ्या मंडळापर्यंत जाते.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून तिथे युद्धनौकांची मॉडेलं बनू लागली. प्रमाण बहुधा १:४८, म्हणजे एका फुटाला पाव इंच. पाण्याखालच्या भागात फळ्या मुद्दाम लावत नसत, त्यामुळे वाकांची रांग उघडी दिसे. ते वाकही खऱ्या गोदीतल्यासारखे नसत, दिसायला नेटके व्हावेत म्हणून सोपे केलेले असत. ग्रीनिच आणि अमेरिकेतलं अ‍ॅनापोलिस इथल्या संग्रहांत ही मॉडेलं आहेत, आणि मॉडेलकार ‘खरा सांगाडा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तेच असतं.

विसाव्या शतकात हा नाद खोक्यात आला. १९४६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या मॉडेल शिपवेज कंपनीच्या सुरुवातीच्या किटमध्ये यंत्रावर ढोबळ कोरलेला पाइनचा ठोकळा येई. पटाशी-कानशीने त्याला आकार द्यायचा आणि हवं तर वर फळ्यांच्या रेघा काढायच्या. इटली आणि स्पेनच्या कारखान्यांनी दुसरी वाट घेतली: प्लायवूडचा कणा, पडदे, त्यावर १.५ ते २ मिमीच्या लिंडन या मऊ लाकडाच्या फळ्यांचा पहिला थर आणि वर अर्ध्या मिलिमीटरचा अक्रोडाचा. दुहेरी थराचं कारण सरळ आहे. पहिला थर बिघडला तरी पुटी भरून, घासून दुसऱ्याखाली झाकता येतो. लेझर आल्यावर खाचा नेमक्या झाल्या, पण जळकी काळी कड घासल्याशिवाय गोंद नीट धरत नाही.

या काटकसरीची किंमत फळ्या लावताना मोजावी लागते. मोठ्या युद्धनौकेत वाकांच्या एका जोडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण अडीच-तीन फूट अंतर असे. १:६४ प्रमाणात ते १२ ते १४ मिमी भरतं. किटमध्ये पडदे त्याच्या तिप्पट-चौपट अंतरावर असतात. मधल्या रिकाम्या जागेत फळी सपाट होते आणि घासल्यावर पोटाला पैलू दिसू लागतात. नाळेजवळ जिथे वळण सर्वांत तीव्र, तिथे आधारही सर्वांत कमी. म्हणून पहिल्या दोन पडद्यांमध्ये मऊ लाकडाचे ठोकळे भरून घासावेत. किटच्या पुस्तिकेत सांगितलं नसलं तरी भरावेत. पडद्यांच्या कडाही फळीच्या ओघाप्रमाणे तिरक्या कराव्या लागतात, नाहीतर फळी कडेच्या एकाच रेघेवर टेकते. कणा वाकडा असेल तर पुढचं सगळं व्यर्थ, तेव्हा पडदे चिकटवण्याआधी तो काचेवर ठेवून पाहावा.

सर्वांत जास्त घोटाळा फळीच्या रुंदीत होतो. मधल्या पडद्यावर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. समजा १०० मिमी आला आणि फळी ५ मिमीची, तर २० फळ्या. नाळेशी तोच घेर ६० मिमी असेल तर प्रत्येक फळी तिथे ३ मिमीपर्यंत निमुळती हवी. न तासता फळी रेटली की ती कडेवर वळायला बघते आणि तिची एक कड उचलली जाते. निम्म्याहून जास्त तासावी लागत असेल तर एक फळी आधीच संपवून दोघींच्या जागी एक न्यावी. वरामणाकडे घेर वाढतो, तिथे पाचरीसारखे तुकडे भरावे लागतात. एक फळी डावीकडे, लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एक बाजू पुरी करून दुसरीला हात घातला तर कणा पिळला जातो.

बडोद्यात यात हवामानाची भर पडते. लिंडनसारखं लाकूड ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीत साधारण पाव टक्का बदलतं. पावसाळा आणि कोरडा उन्हाळा यांत लाकडातला ओलावा ६ टक्क्यांनी बदलतो असं धरलं तर १०० मिमी घेरात दीड मिमीचा फरक येतो. तो वीस सांध्यांत वाटला गेला तर दिसणारही नाही. पण तो सगळ्यांत कच्च्या सांध्यावर जमतो, म्हणून श्रावणात बांधलेलं पोट वैशाखात तडकतं. झटपट चिकटणारं सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यात फळी जागेवर सरकवण्याआधीच धरतं आणि वर पांढरी भुकटी सोडतं. फळ्यांसाठी फेविकॉलच बरा. १९५९ मध्ये तो येण्याआधी सुतारांकडे गरम सरस असे, आणि तो दमट हवेत सुटे.

किटमधल्या लाकडाला पर्यायही इथेच सापडतो. साग खऱ्या जहाजाला उत्तम असला तरी १:६४ ला त्याची छिद्रं डोळ्यांत भरतात. ठोकळ्यांना शिवणीचं लाकूड चालतं आणि बारीक कणाचं हळदूचं लाकूड दुसऱ्या थराला शोभतं. बडोद्याजवळच्या संखेड्याचे खरादी सागाचे पाये सुरेख कातून देतात, म्हणून डोलकाठ्याही त्यांच्याकडे द्याव्यात असं वाटतं. पण ६ मिमीची लांब काठी खरादावर मधोमध थरथरते. त्यापेक्षा चौकोनी पट्टी घ्यावी, आधी चारी बाजूंनी निमुळती करावी, मग प्रत्येक बाजूचे ७:१०:७ असे भाग आखून कोपरे तासावेत. अष्टकोन होतो, त्याचे सोळा पैलू पाडून पॉलिश पेपरने गोल करावी. ८ मिमीच्या पट्टीवर ती रेघ कडेपासून २.३ मिमीवर येते.