आईबापांची शिकवणी

लातुरात ‘कोचिंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर ट्युशन एरिया येतो. पाठीवर दप्तर, हातात मेसचा डबा, तोंडात नीटचे प्रश्न. मी स्वतः अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे या धंद्यातलाच माणूस. त्यामुळे औसा तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने फोनवर सांगितलं, “दादा, डॉक्टर म्हणले लेकराला नाही, तुम्हा दोघांनाच कोचिंग लावावं लागंल,” तेव्हा मला आधी हसू आलं. मग त्याच्या घरी दोन रविवार बसून आलो आणि हसू गेलं.

लेकरू साडेतीन वर्षांचं, ऑटिझमचं निदान झालेलं. कान तपासून झालेत, ऐकू नीट येतं. चालतं, पळतं, भाकरी स्वतःच्या हाताने कुस्करून खातं. शब्द मात्र चार-दोन, तेही मनाला येईल तेव्हा. दिवसभराचा आवडता उद्योग एकच : स्टीलच्या डब्याचं झाकण कडेवर उभं करून फरशीवर फिरवणं. झाकण गरगरतं, हळूहळू आडवं होतं आणि खाली बसता बसता त्याची खणखण वाढत जाऊन एकदम थांबते. (फिरणारं नाणं बसताना थरथर का वाढते आणि मग अचानक का थांबते, यावर २००० साली ‘नेचर’मध्ये शोधनिबंध छापून आलाय. तेव्हा ही आवड अगदीच फालतू म्हणता येत नाही.)

आणि त्याच्या भोवती सगळं घर. “हे काय आहे? सांग. झाकण म्हण. झा-कण. म्हण की रे. बरं, माऊ कुठंय? माऊ कशी करते?” हा आमचा लातूर पॅटर्नच झाला, फक्त विद्यार्थी साडेतीन वर्षांचा. प्रश्न, प्रश्न, पुन्हा प्रश्न. लेकरू बोलंना म्हणून आणखी प्रश्न.

बोलंना म्हणून इतरही बरंच काही झालं होतं. जिभेला वेखंड चोळून झालं, पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घालून झाला, दृष्ट काढून झाली, कुणी सांगितलं म्हणून गंडा बांधून झाला. पेरूने नुकसान काही नाही, फळच ते. नुकसान होतं ते गेलेल्या दीड वर्षाचं. “त्याचा बाप बी उशिरानंच बोलला होता,” हे आजीचं वाक्य त्या दीड वर्षाला पुरून उरलं. दोन वर्षांच्या लेकराने हाक मारल्यावर वळून पाहिलं नाही, बोट करून काही दाखवलं नाही, तर थांबायचं नसतं, तपासून घ्यायचं असतं.

पण मला लिहायला बसवलं ते या कशाने नाही. एका शिकल्या-सवरल्या पाहुण्याने जेवता जेवता तोंडावर सांगितलं : “आई मोबाईलमध्ये असते, लेकराशी बोलतच नाही, म्हणून असं झालं.” वहिनीच्या हातातलं वाढायचं भांडं तिथंच थांबलं.

हा आरोप जुना आहे. १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून ‘ऑटिझम’ला वैद्यकाच्या पुस्तकात जागा दिली. पुढे काही वर्षांत ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे फ्रिजसारखी थंड आई, ही कल्पना फोफावली आणि १९६७ च्या सुमारास ब्रुनो बेटेलहाइम यांनी ती घरोघर पोचवली. आईने माया कमी केली म्हणून मूल असं झालं, हे दोन पिढ्यांच्या आयांना पदवीधारक लोक सांगत होते. ते साफ चूक होतं. ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. २००२ साली सिलर आणि सिगमन या संशोधकांनी आया मुलांशी कशा खेळतात हे मोजून पाहिलं. मुलाचं लक्ष जिथे आहे त्याला धरून बोलण्यात ऑटिस्टिक मुलांच्या आया इतर आयांपेक्षा कुठेही कमी नव्हत्या. त्याच अभ्यासात दुसरंही दिसलं : ज्यांच्या आया मुलाच्या लक्षाला जास्त धरून बोलत होत्या, त्या ऑटिस्टिक मुलांची भाषा पुढच्या वर्षांत जास्त वाढली.

ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडत नाहीत. आईमुळे ऑटिझम होत नाही. पण या लेकराला भाषेपर्यंत न्यायचं तर नेहमीचं चांगलं बोलणं पुरत नाही, विशेष चांगलं लागतं. कमी दिसणाऱ्या पोराला पहिल्या बाकावर बसवतो, तेव्हा गुरुजींचं अक्षर वाईट होतं असा अर्थ कुणी काढत नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. जरा आकडेमोड आहे, सोसून घ्या.

लेकरू बोलायला कसं लागतं? ऐकून, असं आपण म्हणतो. अर्धंच खरं. लेकरू प्रयोग करत असतं. तोंडातून आवाज काढायचा आणि जगात काय फरक पडतो ते बघायचं. आता दोन आया घ्या. (आकडे माझे, समजण्यापुरते.) पहिली अखंड बोलते. लेकराने आवाज केला, तर पुढच्या दोन सेकंदांत तिचं बोलणं येण्याची शक्यता ६० टक्के. आवाज नाही केला तरी ६० टक्के, कारण ती बोलतच असते. फरक किती? शून्य. दुसरी आई कमी बोलते, पण लेकराने हूं केलं की वळते, हसते, काहीतरी म्हणते. आवाज केला तर ९० टक्के, नाही केला तर १०. फरक ८०. दिवसाचे शब्द मोजले तर पहिली आई जिंकेल. पण ‘माझ्या आवाजाने काहीतरी घडतं’ ही बातमी तिच्या लेकराला मिळतच नाही. सतत वाजणाऱ्या घंटेवरून शाळा कधी सुटली ते कळत नाही, तसं. शिकणाऱ्या मेंदूला शब्दांच्या बेरजेपेक्षा ही वजाबाकी महत्त्वाची असते.

हे नुसतं गणित नाही. २००३ साली मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठ महिन्यांची बाळं घेतली आणि आयांच्या कानांत बिनतारी हेडफोन दिले. अर्ध्या आयांना बाळाने आवाज केला की लगेच सूचना मिळे : हसा, जवळ जा, हात लावा. उरलेल्या अर्ध्यांनाही तितक्याच सूचना मिळत, पण त्यांची वेळ दुसऱ्याच आईच्या फितीवरून उचललेली. म्हणजे माया तेवढीच, हसणं तेवढंच, फक्त बाळाच्या आवाजाशी सांधा नाही. काही मिनिटांतच पहिल्या गटातल्या बाळांचं बडबडणं सुधारलं, ‘बा’, ‘दा’ असे पूर्ण अक्षरांचे आवाज वाढले. दुसऱ्या गटात तसं झालं नाही. आणि पहिल्या गटातल्या आयांनी एकही शब्द शिकवला नव्हता! वर्गात हा प्रयोग सांगतो तेव्हा माझ्या अंगावर दर वर्षी काटा येतो. पोरांच्या येत नाही, कारण नीटला विचारत नाहीत.

ऑटिस्टिक लेकरात हे चक्र मंद फिरतं. ते आवाज कमी करतं, नजरेला नजर कमी देतं, म्हणजे घरच्यांना प्रतिसाद द्यायला जागाच कमी. २०१४ साली ॲन वॉर्लॉमाँट आणि सहकाऱ्यांनी घरांतली दिवसभराची ध्वनिमुद्रणं तपासून हेच दाखवलं. चक्रात दोघंही असतात, दोष एकाचाही नसतो.

यात लक्षाची भानगड मिसळते. १९८६ साली टोमासेलो आणि फरार यांनी दाखवलं की सव्वा-दीड वर्षाचं मूल ज्या वस्तूकडे आधीच बघतंय तिचं नाव सांगितलं तर ते चांगलं पक्कं होतं, आणि त्याचं लक्ष तिथून ओढून दुसऱ्या वस्तूचं नाव सांगितलं तर तितकं नाही. ऑटिस्टिक लेकराला लक्ष एका गोष्टीवरून सोडवून दुसरीवर नेणं फार जड जातं. झाकणावर जीव लागलेला असताना “माऊ कुठंय?” म्हणणं म्हणजे एसटी चालू असताना उतरायला सांगणं.

शेवटी वेळ. दहा भाषांतली संभाषणं मोजून २००९ साली दिसलं की एकाचा प्रश्न आणि दुसऱ्याचं उत्तर यांत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. आपल्याला याची इतकी सवय असते की दोन सेकंद शांतता झाली की आपण पुढचा प्रश्न टाकतो. या लेकराला ऐकायला, जुळवायला आणि तोंडापर्यंत आणायला पाच-सात सेकंदही लागू शकतात. तोवर तिसरा प्रश्न आलेला असतो. त्याचं उत्तर निघालंच, तरी ते चुकीच्या प्रश्नावर जाऊन पडतं.

ऑटिझमसाठीचा ‘स्वमग्नता’ हा आपला मराठी शब्द मला म्हणूनच खटकतो. स्वतःत बुडालेलं नाही हो ते, आपण त्याला नंबर लागू देत नाही.

तर कोचिंगमध्ये काय करतात? भावाच्या घरी पाहिलं ते सांगतो. फोनवर सहा मिनिटांचा व्हिडिओ काढायचा : आई, लेकरू, खेळणं. तो कोचिंग देणाऱ्या ताईंबरोबर बसून बघायचा. मी मागे बसून मोजले, सहा मिनिटांत वहिनीने त्रेचाळीस प्रश्न विचारले होते. ताईंनी त्या त्रेचाळीसांबद्दल चकार शब्द काढला नाही. चौथ्या मिनिटाला एके ठिकाणी व्हिडिओ थांबवला. झाकण सोफ्याखाली गेलं होतं आणि लेकराने आईकडे अर्धा सेकंद पाहिलं होतं. घरात कुणालाच ते दिसलं नव्हतं, वहिनीलाही नाही. “इथं तो तुमच्याशी बोलला,” ताई म्हणाल्या. “पुन्हा बघा.” व्हिडिओ चार वेळा मागे-पुढे केला. चौथ्या वेळी वहिनीने पदर तोंडाला लावला.

पुढच्या पंधरवड्याचं काम एवढंच : रोज अर्धा तास त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं, आपणही एक झाकण घ्यायचं, तो करतोय ते करायचं, एखादा शब्द बोलायचा (“फिरलं!”, “पडलं!”) आणि गप्प. मनात सातपर्यंत मोजायचं. त्याने नजर, हात, आवाज, काहीही दिलं की लगेच उत्तर द्यायचं.

याच धर्तीच्या पद्धतीचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्या गटाने केला. नाव पॅक्ट, मुलं १५२, ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली छापून आला. आईबापांचा मुलाशी जुळणारा मेळ स्पष्ट वाढला, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणंही वाढलं. ऑटिझमच्या लक्षणांत मात्र तेव्हा ठळक फरक दिसला नाही. सुमारे सहा वर्षांनी यातल्या १२१ मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा कोचिंगच्या गटात तीव्र लक्षणांचं प्रमाण ५५ वरून ४६ टक्क्यांवर आलेलं होतं. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात ते ५० वरून ६३ वर गेलं होतं. यात ‘बरं झालं’ असं काही नाही, आणि तसं कुणी म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा. २०१६ सालीच हे तंत्र आपल्या बाजूला जुळवून गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांच्या प्रयोगात वापरल्याचे निकाल आले. सहा महिन्यांत बारा बैठका, आणि शिकवणारे तज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते. तिथेही मुलांचं आपणहून सुरू करणं वाढलं. गंमत म्हणजे दोघांनी मिळून एकाच गोष्टीवर लक्ष ठेवण्याचा वेळ उलट घटला. संशोधकांनी ते लपवलं नाही. मला ही बाब फार आवडली. ऑटिझमवर उपाय म्हणून स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराची, जाहिरात करणारे असं कधी छापत नाहीत. पाहुण्यांपैकी कुणीतरी भावाला तेही सुचवलं होतं, लाखांत खर्च. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं सांगितलंय, तो कागद मी त्याला पाठवला.

गोव्याच्या प्रयोगाचं मोल मराठवाड्यात बसून जास्त कळतं. स्पीच थेरपिस्ट शहरात. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं डीईआयसी, म्हणजे लेकरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे तपासणीला जावंच, पण खेड्यातून आठवड्याला दोनदा मजुरी बुडवून कोण जाणार? बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं तर दिवाळीच्या आसपास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, लेकरं फडावरच. थेरपिस्टला फडावर नेता येत नाही. आईला शिकवलेलं तिच्याबरोबर जातं.

एक शंका सगळीकडे येते : हवं ते दाखवून सांगायला चित्रांची कार्डं दिली तर लेकरू आळशी होईल, बोलणारच नाही? २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले. भक्कम पुरावा असलेल्या उदाहरणांत चित्रं-खुणांमुळे बोलणं घटलं असं एकही निघालं नाही, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. बिनधास्त द्या.

दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा अडचण आजीची होती. सात सेकंद गप्प बसणं त्यांच्या जिवावर यायचं. “मुक्यावानी बसू काय मी?” मग त्यांनीच तोड काढली : आकडे नको, मनातल्या मनात सात वेळा ‘पांडुरंग’. त्या दिवशी झाकण फिरून थांबलं, आजी ओठ न हलवता बसल्या. पाचव्या की सहाव्या पांडुरंगाला लेकराने झाकण उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. बोललं काही नाही. आजींनी ते फिरवायचा प्रयत्न केला, संधिवाताच्या बोटांनी नीट फिरेना, तर त्याने त्यांचा अंगठा धरून झाकणाच्या कडेवर ठेवला.