चोचीच्या डॉक्टरला न दिसलेली पिसू

सांगलीत राहणाऱ्या भाचीनं टॅबवर काढलेलं चित्र परवा दाखवलं. सतराव्या शतकातला युरोपातला प्लेगचा डॉक्टर, लांब चोचीचा मुखवटा आणि मेणकापडाचा पायघोळ झगा घालून आयर्विन पुलावर उभा. चोचीत वायरींचा गुंता, मागे मोबाइल टॉवर. "मामा, आताची भीती अशीच दिसते ना?"

अंगावर काटा आणणारं चित्र आहे. टॉवर मात्र खटकला. कोरोनात 'फाइव्ह-जीमुळे साथ पसरते' असे मेसेज घरोघर फिरले होते. विषाणू रेडिओलहरींवर बसून येत नाही, हे ठणकावून सांगायलाच हवं.

मूळ चोचीतही भीतीच भरलेली होती. रोग दुर्गंधीतून येतो या समजुतीनं तिच्यात कापूर, पुदिना, लवंग कोंबत. प्लेग खरं तर पिसवांमुळे पसरतो, आणि त्या अडवायला चोचीपेक्षा तो झगाच जास्त कामाचा!

१८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिननं प्लेगचा जंतू शोधला. १८९८ मध्ये कराचीत सिमाँनं उंदरावरच्या पिसवेवर बोट ठेवलं. ती नेमकं करते काय, हे बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये दाखवलं, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी काट्यांची झडप असते. आजारी उंदराचं रक्त प्यालं की जंतू तिथं वाढतात, चिकट थर करून काट्यांना धरून बसतात आणि बूच तयार होतं. रक्त पोटात उतरेना, म्हणून पिसू भुकेनं कासावीस होऊन डसतच राहते. ओढलेलं रक्त बुचावर आपटून जंतूंसकट जखमेत परत येतं. उंदीर मरून गार पडला की पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून आधी उंदीर पडायचे, मग काखेत-जांघेत गाठी यायच्या. पारा तिशीच्या वर गेला की बूच नीट धरत नाही. दख्खनमध्ये उन्हाळ्यात प्लेग ओसरायचा, त्याचं हे एक कारण.

लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिले आणि वाचले, ते उंदीर मागे राहिले म्हणून; मरीआईला बकरं दिलं म्हणून नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णसेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनंच गेल्या. सिमाँचा प्रयोग तेव्हा वर्षाहून अधिक दूर होता.

हे ऐकून भाचीनं नवा लेयर उघडला आणि झग्याच्या काठावर एक तपकिरी ठिपका दिला. मग झूम करत गेली.

"बूच कुठल्या रंगाचं, मामा?"

"गडद. आणि ताजं लाल रक्त त्याच्या अलीकडे, घशातच थांबलेलं."