पार्श्वभूमी: तुटलेला विश्वास आणि एका शब्दाचा घोळ

नोकरकपातीनंतरच्या टीममध्ये पहिला बदल दिसतो तो सीसीमध्ये. कालपर्यंत जे दोन ओळींच्या मेसेजवर व्हायचं, त्यासाठी आता मेल जातो आणि सीसीत चार जण असतात. "लेखी असू दे" हे दिवसातून पाचदा ऐकू येतं. अशी टीम पुन्हा जुळवायची म्हटलं की हल्ली एकच औषध सांगितलं जातं: सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे मानसिक सुरक्षितता.

सुरक्षिततेची कल्पना १९६५ची. तेव्हा तिचा संबंध संस्थेतल्या बदलांशी होता. कलाटणी मिळाली नव्वदच्या दशकात. अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या जात होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा अंदाज होता, आकडे निघाले उलटे. जिथे नर्सचं आपसांत आणि वरिष्ठांशी बरं जमत होतं, तिथेच जास्त चुका नोंदल्या गेल्या होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात असाव्यात. मग १९९९मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास आला आणि शब्द पक्का झाला: इथे तोंड उघडलं तर अंगाशी येणार नाही, हा टीमचा मिळून असलेला समज.

घोळ इथूनच सुरू होतो, कारण हा समज म्हणजे विश्वास नव्हे. विश्वास टाकायचा असतो तो कुणावर तरी. १९९५च्या एका मांडणीत त्याचे तीन आधार सांगितलेत: समोरच्याची कुवत, आपलं भलं पाहण्याची वृत्ती आणि सचोटी. यातला कुठला ढासळला, यावर दुरुस्ती ठरते. २००४मधल्या प्रयोगांत दिसलं, की चूक कुवतीची असेल तर माफीने निभावतं. सचोटीवर बोट असेल तर माफी ही कबुली ठरते आणि आरोप नाकारणाराच जास्त सावरतो. अर्थात पुढे दोष सिद्ध झाला, तर नाकारलेलं उलटतं. ऑफिसात असल्या गोष्टी फार काळ झाकून राहत नाहीत, म्हणून माझा कौल माफीलाच.

हे सगळं मागे पडलं ते २०१५नंतर. एका बड्या तंत्रज्ञान कंपनीने आपल्या १८०हून अधिक टीम तपासून सुरक्षिततेला पहिला नंबर दिला, आणि प्रत्येक ट्रेनिंगच्या स्लाइडवर तो शब्द चढला. विश्वास कुणी मोडला हे विचारण्यापेक्षा "मोकळेपणाने बोला" म्हणणं सोपं, स्वस्तही. २०२०मध्ये घरून काम सुरू झालं, तेव्हा काही कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर बसवली. २०२२-२३च्या कपातींत काहींना नोकरी गेल्याचं कळलं ते लॉगिन बंद झाल्यावर.

त्यानंतरच्या मीटिंगांमध्ये मॅनेजर म्हणतात, मोकळेपणाने बोला. बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात. एखादा माइक सुरू करून विचारतो, "नावांची यादी कुणी केली होती?"