‘रक्त कमी हाय’ म्हणजे नेमकं काय कमी?

रोवणीच्या दिवसांत गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या उपकेंद्रात एक तक्रार हमखास कानावर येते : “मॅडम, लाल गोया खाऊन रायली, तरी रक्त वाढतच नाही.” लाल गोया म्हणजे लोहाच्या गोळ्या. या ‘रक्त कमी’त दोन आजार मिसळलेले असतात, लोहाची कमतरता आणि सिकलसेल. दोन्हींत दम लागतो, पापणीची आतली बाजू फिकी पडते, हिमोग्लोबिन उतरतं. नुसत्या आकड्यावरून दोन्हींतला कोणता आजार ते कळत नाही.

लोहाची कमतरता बाईला जास्त गाठते. पाळीत महिन्याला साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, आणि दर मिलिलिटरमागे जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह. बाप्याला हा खर्चच नाही. त्यात बाळंतपणं, सगळ्यांच्या मागून जेवणं, जेवणावर लगेच काळा चहा. चहा लोह अंगी लागू देत नाही. हिशेबाची रेघही वेगळी आहे : पुरुषाचं हिमोग्लोबिन 13 च्या खाली गेलं की रक्तक्षय, बाईचं 12, गरोदर बाईचं 11. म्हणून पुरुषाचं 10 निघालं तर रक्त कुठून जातंय ते आधी शोधावं लागतं : मूळव्याध, पोटातला अल्सर, आकडेकृमी. बाईचं 10 निघालं की मात्र ‘पाळीचं असेल’ म्हणून गोळ्या हातात देऊन मोकळं होतात. मला हेच खटकतं. गर्भाशयातली गाठ अशीच वर्षानुवर्षं राहून जाते.

सिकलसेलचा पाळीशी संबंध नाही. तो जन्मतःच असतो, मुलात आणि मुलीत सारखाच. तांबडी पेशी इळ्यासारखी वाकते आणि 120 दिवसांऐवजी 10-20 दिवसांतच फुटते. डोळे पिवळे होतात. थंडीत किंवा पाणी कमी पडलं की हाडं-सांधे असे ठणकतात की माणूस लोळतो. इथे पेशीच टिकत नाहीत, मग लोहाच्या गोळीनं काय होणार? वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात तर लोह साठून बसतं. पण सिकलसेल असलेल्या बाईलाही पाळी येतेच, तिलाही लोह कमी पडू शकतं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, केल्याशिवाय ठरवू नये.

वाहक म्हणजे ज्याला सिकलसेलचा दोष आई किंवा बाप एकाकडूनच आलाय तो. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. तरी लेकरू आजारी निघालं की बोल सुनेलाच. सॉल्युबिलिटीची साधी तपासणी ‘आहे’ एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांत कळतं. गरोदर बाई वाहक निघाली की नवऱ्याचंही रक्त तपासायचं असतं. तो बहुतेक वेळा बाहेर गाडीवर बसलेला असतो. त्यालाही आत बोलवा.