संघ बदलला, कोपरा तोच

२९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीगचं आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. मैदान पुण्याचं, पण अंतिम सामन्यात पुणे नव्हतं. तरीही आमच्या रांगेतले निम्मे लोक एकाच खेळाडूकडे बघत होते, हरियाणाच्या इराणी डाव्या कोपऱ्याकडे, म्हणजे डाव्या टोकाला उभं राहून पकड करणाऱ्या मोहम्मदरेझा शादलूईकडे. पकड झाली की मांडीवर थाप मारून उभा राहणारा हाच पठ्ठ्या दहा महिन्यांपूर्वी, १ मार्चला हैदराबादमध्ये, पुण्याच्या जर्सीत होता. त्या दिवशी पुण्याने हरियाणालाच २८-२५ असं नमवून पहिलं विजेतेपद मिळवलं होतं. एकाच वर्षात दोन करंडक, दोन वेगळ्या संघांकडून. संघ सोडला की खेळाडू फुलतो, हे वाक्य तेव्हापासून पुण्यात फार ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं आणि त्यामागे थोडा इतिहास आहे.

हुतूतूच्या दिवसांत संघ बदलणं हा विषयच नव्हता. तालीम, मंडळ, गाव यांच्या बाहेर खेळाडूला जागाच नव्हती. १९३६ ला बर्लिनला प्रात्यक्षिक दाखवायला गेलेली अमरावतीची मंडळीही एकाच आखाड्यातली. बदल आला तो नोकरीबरोबर, आणि नोकरीबरोबर एक शब्द आला ज्याने आजवर घोळ घातला आहे. तो शब्द म्हणजे ‘व्यावसायिक’.

पुणे जिल्ह्यात कुठल्याही जुन्या स्पर्धेचं पत्रक काढून बघा. खाली दोन गट छापलेले असतात, स्थानिक आणि व्यावसायिक. यातला व्यावसायिक म्हणजे खेळून पैसे मिळवणारा नव्हे. बँक, रेल्वे, पोलिस, तेल कंपनी, विमान कंपनी अशा आस्थापनांच्या संघातून खेळणारा तो व्यावसायिक. खेळाडू कोट्यातून नोकरी लागायची, मुलगा मंडळ सोडून कंपनीकडून खेळायला लागायचा, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचा खेळ ओळखू येईनासा व्हायचा. गावात लोक म्हणायचे, कंपनीत गेला आणि सुधारला. खरं तर त्याला महिन्याचा पगार, सरावाची ठरलेली वेळ आणि शेजारी आपल्याहून सरस खेळाडू, हे तिन्ही एकदम मिळालेलं असायचं. घरच्यांना पीक विकून प्रवासखर्च द्यावा लागत नसे. रेल्वेत गेलेला मराठी मुलगा राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून महाराष्ट्राविरुद्धही उभा राहायचा आणि त्याबद्दल कुणी त्याला फितूर म्हणत नसे. हा बदल बहुधा एकदाच व्हायचा आणि निवृत्तीपर्यंत टिकायचा.

२०१४ च्या जुलैमध्ये आठ संघांची लीग सुरू झाली आणि वर्तमानपत्रांनी तोच शब्द तिलाही लावला. व्यावसायिक कबड्डी. आता त्याचा अर्थ लिलाव, बोली, एक-दोन हंगामांचा करार. दर वेळी नवं शहर, नवा प्रशिक्षक, कोपऱ्याच्या शेजारी नवा कव्हर, म्हणजे त्याला साथ देणारा आतल्या बाजूचा बचावपटू. जुने जाणते लोक ‘व्यावसायिक झाला की पोरगा घडतो’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तो नोकरीवाला असतो. ऐकणाऱ्या पोराच्या डोळ्यांपुढे मात्र लिलावाचा आकडा असतो. नोकरीने खेळाडूला स्थैर्य दिलं, लिलाव ते दर वेळी काढून घेतो. दोघांची बेरीज करून ‘संघ बदला, खेळ सुधारतो’ असा नियम काढणं चूक आहे. दोन्ही काळांत जवळून कबड्डी पाहिलेल्यांनीही ही गल्लत करावी, याचं मला वाईट वाटतं.

लीगमधली उलटी उदाहरणं कमी नाहीत. २०१७ च्या हंगामात ज्याने पाटण्यासाठी चढायांचे ३६९ गुण घेतले, त्या परदीप नरवालवर पुढे उत्तर प्रदेशने १ कोटी ६५ लाख मोजले. तो जुना धडाका तिथे दिसला नाही. दुसऱ्या एका चढाईपटूला, पवन सेहरावतला, २०२२ मध्ये तमिळ संघाने २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला.

इराणी कोपऱ्याचं वेगळं आहे, कारण तो बदलामुळे फुललाच नाही. पाटण्याकडून पहिल्याच हंगामात त्याने पकडींचे ८९ गुण घेतले होते. पुण्यात ते ९९ झाले. फरक पडला तो शेजाऱ्याचा. कोपऱ्याने घोटा धरायचा आणि त्याच क्षणी कव्हरने अंगावर यायचं, नाहीतर चढाईपटू फरफटत नेऊन मध्यरेषेला बोटं टेकवतो. पुण्यात ही साखळी हंगामभर तुटली नाही. चढाईला पुण्याकडे चार-पाच तरुण पोरं होती, त्यामुळे त्याने कोपरा सांभाळला की काम झालं. हरियाणात त्याला चढाईलाही मोकळीक मिळाली आणि त्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू तोच ठरला.

मग पुण्याने त्याला सोडलंच का? यावर अजून भांडणं होतात. लिलावात खर्चायला संघाला मिळणाऱ्या पाच कोटींच्या थैलीतले २ कोटी ३५ लाख एकट्यावर गेले होते, म्हणजे जवळपास निम्मे. घरचे तरुण चढाईपटू राखायचे तर पुढच्या लिलावात एवढा पैसा पुन्हा एका कोपऱ्यावर लावणं अवघड होतं. हिशेब मला समजतो. पण विजेतेपदाच्या संघातली साखळी स्वतःच्या हाताने तोडायची नसते, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं. हरियाणाने तर त्याला २ कोटी ७ लाखांत, म्हणजे पुण्याने दिले त्याहून कमी पैशात नेलं. त्या हंगामात पुणे बाद फेरीत जाणाऱ्या पहिल्या सहांतही आलं नाही. कर्णधाराचा गुडघा दुखावला होता, हेही सांगायला हवं. सगळा दोष एका निर्णयावर टाकता येत नाही.

पुढची वर्षं कुणाच्याच बाजूने सरळ गेली नाहीत. २०२५ मध्ये शादलूई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरातचा संघ पहिल्या आठांत पोहोचला नाही. त्याच्याविना पुण्याने गुणतक्त्यात पहिलं स्थान घेतलं आणि अंतिम फेरी गाठली. तिथे दिल्लीने पुण्याला ३१-२८ असं हरवलं. शेवटच्या क्षणांत पुण्याच्या चढाईपटूला ज्याने अडवलं, तो फजल अत्राचलीही इराणचाच डावा कोपरा होता, वयाने मोठा. २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हार पत्करलेल्या पुण्याचा तो कर्णधार होता.