एसडीके आवृत्तीची निवड (अँड्रॉइड)

अँड्रॉइडचे अ‍ॅप तयार करताना विकसन साधनांची कोणती आवृत्ती वापरायची आणि ते अ‍ॅप किती जुन्या फोनपर्यंत चालू द्यायचे, याविषयीचा निर्णय. ही साधने एसडीके, म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट, या नावाने मिळतात. अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या नावाखेरीज एक अनुक्रमांक असतो, त्याला एपीआय लेव्हल म्हणतात. २००८ सालच्या १.० ला १, किटकॅट म्हणजे ४.४ ला १९, लॉलीपॉप म्हणजे ५.० ला २१, ६.० ला २३, ८.० ला २६ आणि २०२४ सालच्या अँड्रॉइड १५ ला ३५. मधला २० मनगटी घड्याळांसाठीच्या आवृत्तीला गेला, म्हणून फोनच्या यादीत १९ नंतर एकदम २१ येतो.

बिल्डच्या (म्हणजे कोडपासून अ‍ॅप बांधण्याच्या) फाइलीत असे तीन आकडे लिहावे लागतात : मिन एसडीके, टार्गेट एसडीके आणि कंपाइल एसडीके. मिन म्हणजे उंबरठा. त्याखालच्या फोनला प्ले स्टोअर ते अ‍ॅप देत नाही, आणि कुणी एपीके, म्हणजे बांधून तयार अ‍ॅपची फाइल, हाताने टाकायला गेले तर इन्स्टॉलर ती नाकारतो. जुन्या फोनांवर अशा वेळी ‘पॅकेज पार्स करताना अडचण आली’ एवढाच संदेश यायचा, आणि फाइल अर्धवट उतरली असेल असे समजून लोक ती पुन्हापुन्हा डाउनलोड करत बसायचे. कंपाइल म्हणजे कोड लिहिताना समोर ठेवलेली यादी : कोणते वर्ग (क्लास), कोणत्या मेथड (म्हणजे हाक मारून करून घेता येणारी तयार कामे) उपलब्ध आहेत त्याची. टार्गेट म्हणजे ‘अमुक आवृत्तीपर्यंतचे नियम आम्हाला ठाऊक आहेत, ते आम्हाला लावा’ असे अ‍ॅपने फोनला दिलेले लेखी. तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेले असल्याने नवशिके ते एकत्रच वाढवतात किंवा एकत्रच घाबरून खाली ठेवतात. जुन्या फोनांची साथ तुटते ती बहुधा इथे.

कंपाइलचा आकडा नवा ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे आणि तो बरोबर आहे. नव्या एसडीकेने बांधले म्हणून अ‍ॅप जुन्या फोनवर बंद पडत नाही. मात्र एसडीकेसोबत येते ती नुसती यादी. त्या मेथडचा खरा कोड फोनमध्ये असतो. एपीकेत फक्त नावे जातात आणि ती वेळ आली की फोन ती शोधतो. नाव सापडले नाही तर ‘नो सच मेथड एरर’ आणि अ‍ॅप बंद. म्हणून नवी सोय वापरण्याआधी चालू फोनची लेव्हल तपासणारी एक अट घालतात, आणि ती राहिली तर अँड्रॉइड स्टुडिओतले लिंट हे तपासणीचे साधन तांबडी रेघ ओढते. तारखांसाठीचे ‘जावा डॉट टाइम’ हे पॅकेज असेच : ते २६ पासून फोनमध्ये आहे, त्याखाली चालवायचे तर डिशुगरिंग ही बिल्डमधली सोय चालू करून त्याची नक्कल अ‍ॅपमध्येच भरावी लागते.

पण यादी नवी झाली की जुन्या ओळीचा अर्थही बदलू शकतो. याचे अलीकडचे उदाहरण ३५ चे. कॉटलिन भाषेत यादीतला पहिला घटक काढायला ‘रिमूव्ह फर्स्ट’ हे एक्स्टेन्शन फंक्शन, म्हणजे बाहेरून जोडलेले फंक्शन, बरीच वर्षे आहे; त्याचा कोड अ‍ॅपबरोबर जातो, त्यामुळे ते कुठल्याही फोनवर चालते. अँड्रॉइड १५ मध्ये नव्या जावाबरोबर त्याच नावाची मेथड खुद्द लिस्ट या इंटरफेसमध्ये, म्हणजे यादीच्या मूळ व्याख्येत, आली. कॉटलिनच्या नियमाप्रमाणे एक्स्टेन्शनपेक्षा घरच्या मेथडचा मान मोठा. कंपाइल एसडीके ३४ चा ३५ केला, कोडला हातही लावला नाही, तरी तीच ओळ आता फोनमधली मेथड मागू लागते, आणि अँड्रॉइड १४ किंवा त्याखालच्या फोनवर ती नसल्याने अ‍ॅप कोसळते. विकासकाच्या टेबलावर नवा फोन असेल तर त्याला यातले काहीच दिसत नाही. उपाय साधा आहे : त्याऐवजी ठरावीक जागेचा घटक काढणाऱ्या ‘रिमूव्ह अ‍ॅट’ला शून्य द्यावे.

सी आणि सी++ मध्ये लिहिलेल्या भागासाठी एनडीके हे वेगळे किट वापरतात, आणि तिथे हिशेब उलटा आहे. एनडीकेत प्लॅटफॉर्म म्हणून जो आकडा देतात तो कंपाइलचा नव्हे, मिनचा जोडीदार. तो मिनपेक्षा वर गेला की जुना फोन गेलाच. हे २०१४ साली, २१ ची लेव्हल आली तेव्हा, अनेकांना फोन हातात घेऊन शिकावे लागले. तोवर ‘रँड’, ‘एटॉफ’, ‘सिग्नल’ यांसारखी सीमधली अगदी रोजची फंक्शने अँड्रॉइडच्या लिबसीमध्ये, म्हणजे फोनमधल्या सीच्या मूळ लायब्ररीत, स्वतंत्र नव्हतीच. ती हेडर फाइलीत इनलाइन लिहिलेली होती, म्हणजे त्यांचा कोड बांधतानाच अ‍ॅपमध्ये उतरायचा. ‘रँड’ लिहिले की प्रत्यक्षात ‘एलरँड४८’ला हाक जायची. २१ मध्ये ती खरी फंक्शने झाली. मग २१ चे हेडर घेऊन बांधलेली डॉट एसओ फाइल, म्हणजे अ‍ॅपमधली सी-सी++ ची लायब्ररी, ‘रँड’ हेच नाव मागू लागली. किटकॅटच्या फोनवर लायब्ररी उघडतानाच ‘कॅनॉट लोकेट सिम्बॉल’ (नाव सापडत नाही), आणि अ‍ॅपचा पहिला पडदाही दिसायच्या आत सगळे संपलेले. जावाच्या बाजूला निदान ती ओळ चालेपर्यंत अ‍ॅप तगते; इथे दारातच ठेच. दुरुस्ती एका ओळीची होती, प्लॅटफॉर्मचा आकडा मिनइतका खाली आणायची. पण ‘नवे ते चांगले’ ही एसडीकेतली सवय इथे लागू नाही हे उमगेपर्यंत दोन-दोन दिवस कोडमधली चूक शोधण्यात जायचे.

टार्गेटबद्दल एक गैरसमज टिकून आहे : तो वाढवला की जुने फोन सुटतात. तसे होत नाही. किटकॅटला ३५ चे नियम ठाऊकच नाहीत, त्यामुळे तो त्या आकड्याकडे बघतही नाही. बदल होतो तो नव्या फोनांवर. टार्गेट २३ च्या खाली असलेल्या अ‍ॅपला सगळ्या परवानग्या इन्स्टॉल करतानाच मिळायच्या. वर गेले की एकेक विचारून घ्यावी लागते. २६ ला सूचनांसाठी चॅनेल केले नाही तर सूचना उमटत नाही, २८ ला साधे एचटीटीपी अडते, ३० ला फोनच्या स्टोरेजमध्ये मोकाट फिरणे बंद. हे टाळण्यासाठी मुद्दाम टार्गेट खाली ठेवणारी अ‍ॅप निघाली, तेव्हा गूगलने २०१८ च्या ऑगस्टपासून नव्या अ‍ॅपना प्लेवर किमान २६ ची अट घातली आणि ती पुढे वाढवत नेली. अँड्रॉइड १४ तर २३ खालचे टार्गेट असलेले अ‍ॅप बसवूनच घेत नाही. १५ मध्ये ही रेघ २४ वर गेली.

राहिला मिन. ‘मिन किती ठेवायचा?’ हा प्रश्न बैठकीत वापरकर्त्यांच्या टक्केवारीवरून चर्चिला जातो, पण उत्तर बहुतेकदा लायब्ऱ्यांनी, म्हणजे इतरांकडून घेतलेल्या तयार कोडने, आधीच देऊन ठेवलेले असते. एनडीकेच्या आर२४ या आवृत्तीने जेलीबीन (४.१ ते ४.३) सोडले, आर२६ ने किटकॅट. गूगल प्ले सर्व्हिसेसने किटकॅटची साथ २०२३ साली सोडली. एखाद्या लायब्ररीचा मिन अ‍ॅपच्या मिनपेक्षा वर असेल तर बिल्ड अडतो. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती सांगणाऱ्या फाइलीत, एक ओळ घालून ही तक्रार दाबता येते, पण तो गळका नळ कापडाने बांधण्यातला प्रकार : बिल्ड होतो, जुन्या फोनवर लायब्ररी कधी पडेल याचा भरवसा नाही.

शिवाय अ‍ॅप बसले म्हणजे चालले असे नाही. ४.१ ते ४.४ या आवृत्त्यांमध्ये टीएलएस १.२ (सर्व्हरशी बोलणे गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल) आहे, पण आपोआप चालू नाही. जुने प्रोटोकॉल बंद केलेल्या सर्व्हरशी अशा फोनचे बोलणे होत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे फुकट देणारी संस्था आपल्या स्वतःच्या मूळ प्रमाणपत्रावर येऊ लागली, तेव्हा ७.१.१ पूर्वीचे फोन ते ओळखत नव्हते. २०२० च्या नोव्हेंबरात संस्थेने दिलेल्या आकड्यांप्रमाणे असे फोन अँड्रॉइडच्या ३३.८ टक्के होते. जुन्या फोनांना ओळखीच्या असलेल्या आधीच्या प्रमाणपत्राची सही पुढे वाढवून घेऊन वेळ मारून नेली, तीही मुदत २०२४ च्या सप्टेंबरात संपली. मिन १९ लिहिलेले अ‍ॅप त्यामुळे कागदावर किटकॅटचे, पण लॉगिनच्या पडद्यापुढे जात नाही.

आयफोनवर हाच निर्णय डेप्लॉयमेंट टार्गेट या एका आकड्यात येतो. तिथे नव्या आवृत्त्या बरीच वर्षे जुन्या फोनला मिळत राहतात (२०१५ सालच्या सिक्स-एसला आयओएस १५ मिळाले), त्यामुळे तो पुढे सरकवताना फारशी खळखळ होत नाही. अ‍ॅप स्टोअर जुन्या फोनला त्याला झेपणारी शेवटची आवृत्तीही देऊ करते.

मराठी अ‍ॅप करणाऱ्याला एक जादा हिशेब असतो तो अक्षरांचा. अँड्रॉइड २.३ च्या काळात अनेक फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत किंवा पहिली वेलांटी व्यंजनाच्या भलत्या बाजूला जाऊन बसे. म्हणून मजकूर चित्र करून दाखवणे किंवा फाँट अ‍ॅपमध्येच भरणे हे मार्ग वापरले जात; फाँट भरला तरी जोडाक्षरे जुळवणारे इंजिन फोनचेच, त्यामुळे दुसरा मार्ग अर्धाच. रुपयाचे ₹ हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आले. त्याआधीच्या फाँटांत ते नसणारच, आणि किमतीपुढे चौकोन दिसण्यापेक्षा ‘रु.’ बरे. एखादे अक्षर फोनच्या फाँटात आहे का, हे विचारणारी ‘हॅज ग्लिफ’ ही मेथड अँड्रॉइडमध्ये आहे. पण ती आली २३ मध्ये, म्हणजे ज्या फोनांना हा प्रश्न विचारायची खरी गरज होती त्यांच्यात ती नाही.